टंचाई शाखेतल्या दुपारी

रुद्राणी पहिल्यांदा ऑफिसात आली तेव्हा तिथला एकुलता एक कारकून चिंचेच्या झाडावर बसला होता.

सोलापुरात सात रस्त्याच्या थोडं पुढं, एका जुन्या बंगलीत टंचाई शाखा होती. नेमणुकीचा कागद हातात घेऊन ती आवारात उभी राहिली. दार सताड उघडं, आत कुणीच नाही... आणि डोक्यावरून आवाज आला, "कोन पायजे?"

तिनं वर पाहिलं. पांढरा सदरा, खिशाला शाईचा पेन आणि गालात चिंच.

"टंचाई शाखा हीच का?"

"हीच की. काय काम हाय?"

"मी नवी टायपिस्ट. मला काम इथंच करायचंय."

"काम?" तो म्हणाला. "हितं?" आणि इतका मनापासून हसला की फांदी हलली, दोन चिंचा तिच्या पायाशी येऊन पडल्या. रुद्राणीला खरं तर राग यायला हवा होता. पण तिनं वाकून एक चिंच उचलली, आणि तो खाली उतरेपर्यंत ती खाऊनही टाकली.

त्याचं नाव मानसिंग पांढरे, गाव नातेपुते. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं खडी फोडायची आणि तलावांची कामं काढली होती. त्या मजुरांचे हजेरीपट ठेवायला ही शाखा उघडली. मानसिंग तेव्हा उन्हातान्हात कामांवर फिरून हजेरी घ्यायचा. पुढच्या वर्षी पाऊस झाला, माणसं आपापल्या रानात परतली, हजेरीपट लाल फडक्यात बांधून कपाटात गेले. पण शाखेला मंजुरी होती पंचाहत्तरच्या मार्चपर्यंत. म्हणून चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, टंचाई कुठंच उरली नव्हती तेव्हा, टंचाई शाखेला टायपिस्ट मिळाली.

पहिल्या आठवड्यात रुद्राणीनं टाइपरायटर तीनदा पुसला. खिडकीचे गज मोजले. शिपाई ज्ञानबा दाराशी स्टुलावर बसून डुलक्या घ्यायचा, त्या डुलक्यांचीही तिला वेळ पाठ झाली. दर शनिवारी मुख्य कचेरीतून अव्वल कारकून गुरुबसप्पा यायचे आणि विचारायचे, सगळं ठीक ना? सगळे म्हणायचे, ठीक. ते फाटकाबाहेर पडले की कुणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. बिराजदारांच्या घरात नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. संध्याकाळी बाळीवेशीतल्या घरी गेल्यावर आई, सावित्रम्मा, तिच्यापुढं चहा ठेवून म्हणायची, दमली असशील. आणि नवल म्हणजे ती खरंच दमलेली असायची. दिवसभर कापड विणणाऱ्या बाया संध्याकाळी गप्पा मारत घरी जाताना दिसायच्या, आणि दिवसभर बसून राहिलेल्या रुद्राणीचे मात्र पाय ओढायचे.

त्यातून वाट काढली मानसिंगनं. तो टेंपरवारी होता. कायम व्हायचं तर मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा पास व्हायला हवी, आणि त्याची मजल अजून दोन बोटांपलीकडं गेली नव्हती. मला शिकवा, असं त्यानं एके दिवशी अगदी खाली मान घालून म्हटलं. रुद्राणीनं खुर्ची ओढली.

मजकूर कुठून आणायचा हा प्रश्नच होता, कारण ऑफिसात पत्रंच नव्हती. मग ती मनानं पत्रं सांगायला लागली. "लिहा – विषय, पंख्यावर चिमणीनं घरटं केल्याबाबत."

"खरंच लिहू?"

"सदर चिमणीस दोन वेळा समज देऊनही तिने घरटे हलविलेले नाही..."

मानसिंग हसायचा, बोटं चुकायची, कागद बदलावा लागायचा. घड्याळाबद्दल पत्र झालं, ज्ञानबाच्या घोरण्याबद्दल झालं. उन्हाळ्यात बाहेर रस्ता तापून पांढरा व्हायचा, आत माठाचं गार पाणी, टाइपरायटरचा खडखडाट आणि त्याच्या खांद्याशी वाकून चूक दाखवणारं तिचं बोट. तिचा पदर त्याच्या हाताला लागला की खडखडाट थांबायचा... आणि दोघंही कागदाकडं बघत राहायची.

एकदा आईच्या तापामुळं तिची रजा पडली. दुसऱ्या दिवशी आली तर मशिनीत कागद तसाच होता. 'विषय – टायपिस्टबाई सोमवारी गैरहजर राहिल्याबाबत. सदर दिवशी शाखेत फार टंचाई जाणवली.' दोन ओळींत अकरा चुका होत्या. तिनं एकही दुरुस्त केली नाही. कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि दिवसभर ओठ घट्ट मिटून बसली, नाहीतर हसू फुटलं असतं.

जुलैत शरणम्मा आली.

मुख्य कचेरीत टेबलं कमी पडली, म्हणून तिची रवानगी इकडं झाली. एक मशीन, दोन टायपिस्ट, काम शून्य. शरणम्मा अक्कलकोटकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, धिप्पाड, मोकळ्या गळ्यानं हसणारी. तिचा पन्नास शब्दांचा वेग होता. पहिल्याच दिवशी तिनं मशिनीवर बोटं टाकली तशी ज्ञानबाची झोप मोडली.

आठवड्याभरात मानसिंगची खुर्ची तिच्या टेबलाशी गेली.

रुद्राणी बघत राहिली. शरणम्मा पट्टीनं त्याच्या बोटांवर टकटक करायची, कन्नडमध्ये रागवायची. त्याला अक्षर कळायचं नाही तरी तो हसायचा. दुपारी डबे उघडले की शरणम्माच्या शेंगाचटणीची तारीफ व्हायची. रुद्राणीनं अबोलीचा गजरा माळला, त्या दिवशी तो म्हणाला, "बाई, शरणम्माबाई म्हनत्यात माजा वेग बावीस झाला." तिनं गजरा घरी जाईपर्यंतही ठेवला नाही.

हाताला काम असतं तर ती हे विसरूनही गेली असती. पण आठ-आठ तास मोकळे होते, आणि मत्सराला दुसरं काय लागतं... त्या दोघांच्या हसण्याचा हिशेब ती मनात मांडायची. तो पाणी प्यायला उठला की आधी कुणाला विचारतो, जाताना 'येतो' म्हणून कुणाकडं बघतो. रात्री उशीवर डोकं टेकलं तरी तो खडखडाट कानात चालूच.

एकदा तिनं विचारलं, "आमची शिकवणी बंदच झाली म्हणायची?"

"बंद न्हाय... जरा बदल."

"का? मी वाईट शिकवत होते?"

मानसिंगनं कान खाजवला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि शरणम्मानं हाक मारली तसा उठून गेला.

त्याच दुपारी ती दोघं आणि ज्ञानबा कोपऱ्यावर चहाला गेली. रुद्राणीनं मशीन आपल्याकडं ओढली. 'विषय – शाखेत कामाचा अभाव असल्याने दुसऱ्या टायपिस्टची आवश्यकता नसल्याबाबत.' त्या मशिनीतून निघालेलं ते पहिलं खरं पत्र. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरीही सही करताना तिनं दोनदा दाराकडं पाहिलं. शनिवारी तिनं ते गुरुबसप्पांच्या हातात दिलं.

वरच्या साहेबांनी पत्र वाचलं आणि विचारलं, काम नाही तर मग पहिली टायपिस्ट कशाला? आणि कारकून तरी कशाला?

सप्टेंबरात गुरुबसप्पा चक्क बुधवारी आले. शाखा महिनाअखेर बंद. शरणम्माची वैरागला बदली. मानसिंगची नेमणूक संपली. जाताना त्यांनी रुद्राणीला व्हरांड्यात बोलावून हळूच सांगितलं, की तिचा खरेपणा वर फार आवडला आणि तिला मुख्य कचेरीतच घेतलंय.

ती आत आली. शरणम्मानं आरडाओरडा केला नव्हता. वैरागहून परतायची शेवटची गाडी किती वाजता असते, एवढंच ती ज्ञानबाला विचारत होती. तिच्या आईला अर्धांग झालेलं, घरात दुसरं कुणी नाही, हे रुद्राणीला तेव्हा कळलं. दोन महिने शेजारी बसून तिनं कधी विचारलंच नव्हतं. शेंगाचटणीवर मात्र डोळा ठेवला होता.

मानसिंग आवारात झाडाखाली उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पांढरे, ते पत्र मी लिहिलं."

त्याला आधी कळलंच नाही. तिनं सगळं सांगितलं – विषय, मजकूर, शनिवार. सांगताना तिनं मान खाली घातली नाही, तेवढं मात्र तिनं स्वतःशी ठरवलं होतं.

"का पन?" त्यानं विचारलं.

"तुम्ही तिच्यासोबत हसत होता म्हणून."

रस्त्यावरून एक टांगा गेला, त्याचा आवाज पार मिटला.

"माजं जाऊ दे," तो म्हणाला. "मला अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हजेरी क्लार्कचं काम मिळंल, माजा मावसभाऊ हाय तितं. पन त्या बाईनं आईला कुटं ठेवायचं?"

"मी बघते काय करायचं ते."

"बगायलाच पायजे." तो वळला. दोन पावलं गेला आणि तिच्याकडं न बघताच म्हणाला, "तू शेजारी आलीस की माजी बोटं चुकत्यात. तुज्याकडं पाच महिने शिकलो, चौदा शब्दांच्या वर जाईना. परीक्षा पास झाल्याबिगर तुज्या घरी काय म्हनून यायचं? म्हनून तिच्याकडं शिकत हुतो."

रुद्राणीच्या डोळ्यांपुढचं आवार धूसर झालं. 'तू' म्हणाला होता तो. पहिल्यांदाच... आणि याच दिवशी.

"राग आलाय मला," तो म्हणाला. "लई आलाय. आन् तू जळत हुतीस म्हनून बरं बी वाटतंय. असं वाटू नये, पन वाटतंय."

दुसऱ्या दिवशी ती मुख्य कचेरीत गेली. वैरागला मला पाठवा, शरणम्माला इथं ठेवा, म्हणाली. गुरुबसप्पांनी चष्मा काढला. शहर सोडून वैराग मागणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. तिनं त्यांनाही खरं कारण सांगितलं, निदान त्यातलं सांगण्यासारखं. ते चार दिवस घोळत राहिले, वर बोलले, आणि अखेर आदेश बदलून मिळाला. घरी सावित्रम्मा दोन दिवस कन्नडमध्ये भांडली. तिसऱ्या दिवशी वैरागला राहणाऱ्या लांबच्या आत्याला तिनंच पत्र टाकलं.

शरणम्माला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. ती ऐकत ऐकत टाइपरायटरवर खोळ घालत होती. शेवटी म्हणाली, "माफी नंतर बघू. आधी आदेश हातात पडू दे." आदेश पडला त्या दिवशी तिनं डबा रुद्राणीपुढं सरकवला. चटणी तिखट होती, रुद्राणीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते चटणीवर ढकललं.

ऑक्टोबरच्या एका सकाळी सोलापूरच्या स्टँडवर वैरागची गाडी लागली. मानसिंग येईल असं तिला वाटत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तो कामापुरतंच बोलला होता. तिनं ट्रंक आत ढकलली, खिडकीशी बसली... आणि गर्दीतून सायकल ढकलत येणारा पांढरा सदरा दिसला. कारखान्यात रुजू व्हायच्या आधी इकडं आला होता, सदऱ्यावर घामाचा नकाशा.

"राग गेला?" तिनं खिडकीतून विचारलं.

"थोडा हाय. जाईल." त्यानं गज धरला. "वेग सव्वीस झालाय. परीक्षा झाली की वैरागला येतो."

"आणि नापास झालात तर?"

"तरी येतो."

रुद्राणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आमची आई सहजी हो म्हणायची नाही. आम्ही लिंगायत, तुम्ही नातेपुत्याचे... ती भांडणार, आणि भांडताना तिला मराठी सुचत नाही."

"मग कन्नड शिकतो की."

"कुणाकडून?"

ते इतक्या तडकाफडकी बाहेर पडलं की तिची तीच लाजली. मानसिंगच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी ते जुनं हसू पसरलं.

"शरणम्माबाई चांगलं शिकवत्यात," तो म्हणाला.

"टायपिंग खुशाल शिका तिच्याकडून. कन्नड माझ्याकडूनच शिकायचं."

कंडक्टरनं घंटी मारली. "मग एक शबुद सांगून तरी जा," तो गाडीबरोबर चालायला लागला.

"बरतीनी," ती म्हणाली. "म्हणजे येते."

"आन् येतो म्हनायचं असंल तर?"

"तेच. दोन्हीला एकच शब्द."

"बर्तनी," तो म्हणाला.

"बरतीनी."

"बरतीनी," तो मोठ्यानं म्हणाला, स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि गाडी फाटकातून वळेपर्यंत सायकल धरून म्हणत राहिला.