शेहेचाळिसावा खंड

"मॅडम, तो खंड सरकारला हवाय."

"सरकार तर कुठे दिसत नाही! आधी अधिकार सिद्ध करा…"

कोर्टाच्या ग्रंथालयातली आमची पहिली भेट ही अशी, भांडणानेच झाली. मी नावाड्यांच्या वकिलांची ज्युनिअर, तो सरकारी वकिलांचा. सरकारने एका आदेशाने नदीवरची होडी बंद केली, कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि आता सरकार म्हणत होतं की असल्या निर्णयात कोर्टाने नाक खुपसूच नये. जुन्या निवाड्यांचा शेहेचाळिसावा खंड दोघांनाही लागायचा आणि प्रत होती एकच. शेवटी ठरलं—सकाळी मी, दुपारी तो.

पण तो सकाळीच यायचा, आणि मी दुपारपर्यंत रेंगाळायचे. खुणेसाठी आम्ही पानांत चिठ्ठ्या घालायचो. माझ्या पिवळ्या, त्याच्या निळ्या.

"तुमच्या चिठ्ठ्या फार जागा अडवतात हं," तो एकदा म्हणाला.

"मग आणा स्थगिती!"

तो हसला की मला पुढची ओळ दोनदा वाचावी लागायची.

सात महिने मी नुसती तारखांची वाट पाहिली. आई चिडवायची, "आज कोर्टात पाहुणे येणारेत का गं? एवढी कडक इस्त्री!" मी काय सांगणार? त्याने काही विचारलंच नव्हतं. आणि शेवटचे तीन आठवडे तर तो एकदम गप्पच झाला. माझ्याकडे आशेने बघायचा, मग मान खाली घालायचा. त्याची बदली झाल्याचंही मला सरकारी वकिलांच्या कारकुनाकडून कळलं. शेवटच्या सुनावणीनंतर दुसऱ्याच दिवशी तो जाणार होता. मला त्याचा इतका राग आला… आणि त्याहून जास्त रडू.

त्या सुनावणीत त्याचे सिनिअर झेरॉक्सवरून वाचत होते. "कोर्टाच्या अधिकारांना मर्यादा आहेत. पान तीनशे बारा."

"मूळ खंड द्या," न्यायमूर्ती म्हणाल्या.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. न्यायमूर्तींनी पान उघडलं, आतली निळी चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"यात समोरच्या ज्युनिअर वकिलांना एक विनंती केलेली दिसते. तिच्यावर आदेश देण्याचा अधिकार या कोर्टाला नाही." त्यांनी चिठ्ठी शिपायापुढे धरली. "सरकारलाही नाही. ही ज्यांची आहे त्यांना द्या."

सगळं कोर्ट हसलं. चिठ्ठी माझ्या हातात आली. 'समोरच्या बाजूच्या ज्युनिअर मॅडम, कोर्टाबाहेर भेटाल? नको असेल तर चिठ्ठी इथेच राहू द्या. मी समजेन.' खाली तीन आठवड्यांपूर्वीची तारीख होती.

मी ते पान उघडलंच नव्हतं! आपल्या विरुद्ध जाणारा निवाडा म्हणून कंटाळा केला होता. आणि तो बिचारा रोज येऊन बघत होता, चिठ्ठी तिथेच…

निकाल राखून ठेवला गेला. तोवर स्थगिती कायम. व्हरांड्यात तो खांबाला टेकून उभा होता.

"विरुद्ध बाजूचं पान कुणी वाचत नाही का हो?" त्याने विचारलं.

"मूर्ख आहे मी. पण तोंडाने विचारता येत नव्हतं?"

"तुमच्यासमोर माझे शब्दच पळतात… उद्या सकाळची गाडी आहे."

"माहितीये. सात महिने मी तुमच्यासाठीच तारखा मोजल्या. आता कळलं? चला."

"कुठे?"

"होडीत."

"जिच्याविरुद्ध मी सात महिने भांडलो, तिच्यात?"

"स्थगिती आहे तोवर चालू आहे."

होडीत गर्दी होती. नावाड्याने मला ओळखलं आणि शेजारच्या सरकारी माणसाकडे संशयाने बघितलं, पण जागा दिली. त्या सरकारी माणसाने माझा हात धरला. पलीकडचा काठ जवळ येऊ लागला तसा तो हात घट्ट होत गेला.

"पत्र लिहीन," तो म्हणाला.

"निळ्या चिठ्ठीवर लिहा. आणि मी वाचेन अशा पानात ठेवा…"

काठ आला. सगळे उतरले. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, आणि नावाड्याने काही न विचारता होडी परत वळवली.