मेघारीची पूर्वकथा

ग्रहणरेषा पुन्हा विस्कटली. सकाळपासूनची ही एकतिसावी वेळ.

डॉ. चारुलता वैशंपायन यांनी पडद्यावरून नजर काढून घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन. पाच वाजता औषधाचा अंमल संपला, की तुटलेले मज्जातंतू पुन्हा जुळणार नव्हते.

काचेपलीकडे बत्तीस वर्षांचा श्रेयस ठोंबरे निपचित पडला होता. पवनचक्कीवर काम करताना विजेचा जबर धक्का बसला आणि त्याच्या आठवणी पुसल्या गेल्या. चारुलताबाईंचं यंत्र, स्मृतिरोपक, त्याला त्याचं आयुष्य वाक्यावाक्याने परत देऊ पाहत होतं. त्याची आई सुलभाताई यांनी सगळी हकीकत लिहून दिली होती. जन्म, शाळा, नोकरी. मेंदूने वाक्य धरलं, की पडद्यावरची ग्रहणरेषा सरळ व्हायला हवी होती, पण श्रेयसचा मेंदू त्यातलं एकही वाक्य धरत नव्हता.

"पण मी सगळं नीट आठवून लिहिलंय हो," सुलभाताई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"आठवण पुसली तरी तिची भावखूण राहते," चारुलताबाई म्हणाल्या. "भिंतीवरचा फोटो काढला की मागे फिकट चौकोन दिसतो ना, तशी. त्या चौकोनात बसेल तेच वाक्य मेंदू धरतो. आणि पुढचं प्रत्येक वाक्य आधीच्यावर उभं राहतं. तुमचं पहिलंच वाक्य निसटतंय."

"कुठलं?"

"'मी आईबाबांचा एकुलता एक.'"

सुलभाताईंनी आपला कागद उलटा करून ठेवला.

दाराशी श्रेयसचा मित्र फरहान मुल्ला उभा होता. बारा वर्षं दोघं एका ऑनलाइन खेळात एकाच टोळीतून खेळत होते. त्याने चार छापील पानं पुढे केली.

"मॅडम, ही श्रेयसच्या पात्राची पूर्वकथा. मेघारी नावाचा नावाडी. खेळात शिरताना लिहावी लागते. आम्ही दोन ओळी खरडून मोकळे झालो. गाव जळालं, सूड घ्यायचाय. ह्यानं चार पानं लिहिली. आम्ही खूप हसलो. पण खेळात पेच पडला की आम्ही डोकं खाजवत बसायचो, आणि ह्याला काय करायचं ते लगेच समजायचं. म्हणायचा, मेघारी कुठून आलाय ते मला माहितीये ना."

"अरे, पण हे काल्पनिक आहे. भलतंच काही रुजलं तर उपटता येत नाही. जन्मभर तो न घडलेलं दुःख घेऊन फिरेल."

"आणि काहीच रुजलं नाही तर?"

चारुलताबाईंनी पुढे होऊन पानं घेतली. ती दोनदा वाचली. घड्याळात साडेतीन वाजले होते. त्यांनी पहिलं वाक्य रोपकात सोडलं. 'मी समुद्रकाठी जन्मलो.' रेषा विस्कटली. 'मी नावाडी आहे.' विस्कटली.

'आम्ही दोघं भाऊ होतो.'

रेषा थरथरली आणि हळूहळू सरळ झाली.

चारुलताबाईंनी पुढचं वाक्य सोडलं. 'तो पाण्यात गेला.' सरळ. 'हात माझ्याकडून सुटला.' पट्टी ठेवून आखावी तशी सरळ.

त्यांनी यंत्र थांबवलं. "सुलभाताई, श्रेयसला भाऊ होता?"

सुलभाताई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"सुजय," त्या म्हणाल्या. "ह्याच्याहून दीड वर्षानं मोठा. मी कालव्यावर धुणं धुवत होते. दोघांना एकमेकांचे हात धरून काठावर बसवलं होतं. हा तेव्हा साडेतीन वर्षांचा. सुजयला बाहेर काढल्यावर मला भानच राहिलं नाही. ह्याला गदागदा हलवून मी विचारलं, तू हात का सोडलास? एकदाच. मग आम्ही गाव सोडलं, फोटो जाळले. सगळे म्हणाले, लहान आहे, विसरेल. विसरलाच होता हो तो."

"विसरला होता, म्हणून तर मेघारीच्या नावावर लिहिलं, काकू," फरहान हलकेच म्हणाला.

चारुलताबाईंनी सुलभाताईंना उठवून यंत्रापाशी बसवलं. "तुम्हीच सांगा आता. पहिल्यापासून."

'मला सुजय नावाचा भाऊ होता.' आजच्या आधी अठ्ठावीस वर्षांत सुलभाताईंनी हे नाव उच्चारलं नव्हतं. रेषा सरळ राहिली. त्यावर शाळा उभी राहिली, कॉलेज उभं राहिलं, पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पाचला दहा कमी असताना सगळी हकीकत पुरी झाली.

"अजून एक," सुलभाताई घाईघाईने म्हणाल्या. "'सुजय गेला त्यात माझा काही दोष नव्हता.'"

रेषा विस्कटली. चारुलताबाईंनी तेच वाक्य पुन्हा दिलं. पुन्हा विस्कटली.

"पण हे खरं आहे! देवाशप्पथ खरं आहे!"

"यंत्राला खरं-खोटं कळत नाही, ताई. श्रेयसच्या आत काय आहे तेवढंच कळतं. या वाक्याची खूणच तिथे नाही. कुणी कधी त्याला सांगितलंच नाही ना."

पाच वाजले. रोपकाचा दिवा विझला.

"मग आता?"

"आता तो जागा होईल. तुम्ही स्वतः सांगा. एकदा सांगून भागणार नाही."

सुलभाताई काचेपलीकडे गेल्या. थोड्या वेळाने श्रेयसने डोळे उघडले, आईला ओळखलं. त्याचे ओठ हलले, आणि बत्तीस वर्षांच्या त्या माणसाने विचारलं,

"आई, तू रागावलीस माझ्यावर?"

सुलभाताईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि कालव्यावरच्या त्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली.