जिभेची दिशा

सॅस्काटूनला बाहेर उणे तीस असलं तरी आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये दुपारचं ऊन छान येतं. मी इथे मेंदू शिकवते, आणि उगाच विनय कशाला, चांगलाच शिकवते.

त्या दिवशी ट्रेमध्ये मेंदूच्या देठाचा सगळ्यात खालचा भाग होता, मेड्युला. तुकडा अंगठ्याएवढा, पण श्वास, गिळणं, जीभ, सगळ्यांच्या दोऱ्या इथून हलतात. पाठीमागच्या बाजूला, मधल्या खाचेलगत, बारीक त्रिकोणी उंचवटे असतात.

"ट्यूमर काढताना हे ओळखता आले नाहीत, तर पेशंटची वाचा गेली म्हणून समजा," मी म्हटलं आणि सळईनं उजवा उंचवटा दाबला. "ही जीभ."

समोर बसलेल्या टॅमसिन कोवाल्चुकची जीभ बाहेर आली आणि डावीकडे वळली.

वर्ग खिदळला. "वा! डॉक्टरकी सोड, नाटकात जा," मी म्हटलं.

"मी नाही केलं, डॉक्टर," ती पुटपुटली.

हात धुताना मला खटकलं. उजवा उंचवटा चेतवला की उजवा स्नायू जीभ डावीकडे ढकलतो. नक्कल करणारा हमखास उजवीकडे काढेल. निम्मा वर्ग दरवर्षी परीक्षेत इथेच आपटतो. आणि यांना तर मी ते अजून शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टॅमसिनला एकटीला बोलावलं. माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभं केलं. काचेत तिचा चेहरा दिसत होता.

डावा उंचवटा दाबला. जीभ उजवीकडे.

त्याखालच्या त्रिकोणाला सळई नुसती टेकवली. तिला कोरडी ओकारी आली, ओठ पांढरे पडले, ती टेबल धरून खाली बसली.

मी घाबरले. सळई बाजूला ठेवली.

"कोणाचा आहे तो?" तिनं विचारलं.

"रोझटाउनच्या एका शेतकरीणबाईंचा. देहदान केलंय त्यांनी. तुझ्या कोण?"

"कुणीच नाही."

इतक्यात हॉल सांभाळणारा डेस्मंड दारात आला. "डॉक्टर, त्या रोझटाउनच्या बाई उद्या दहनाला जातायत. तुकडान्‌तुकडा परत करा हं, त्यांच्या मुलीला मी शब्द दिलाय."

तो गेला. टॅमसिननं माझा हात घट्ट धरला.

"जाळणार?"

"मी असताना? छे."

डेस्मंडचा शब्द मोडताना लाज वाटली, पण ही पोर जिवंत होती. मी काचेची बरणी आणली, अर्धी द्रावानं भरली आणि तुकडा हलकेच आत सोडला.

तिच्या चेहऱ्यावर रंग आला. "जपून ठेवाल ना मला?"

"म्हणजे काय!" मी म्हटलं आणि सवयीनं झाकण घट्ट फिरवलं.

ती आणखी काही बोलत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

बरणीच्या काचेवर, आतल्या बाजूनं, वाफ धरू लागली.