वृत्तीचा चौकोन

दर रविवारी अकरा वाजता पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आम्ही टेबल टेनिसच्या टेबलावर चादर अंथरतो आणि खेळायला बसतो. फासे असतात, नकाशा असतो, आणि प्रत्येकाकडे एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. गोष्ट मी चालवते. पात्रांचे मराठी तक्तेही मीच बनवलेत. एका बाजूला छापलेले, मागची बाजू कोरी. वर दोन रकाने: पात्राचं नाव, आणि खेळाडूचं नाव, म्हणजे ते पात्र जो चालवतो त्याचं. त्याखाली एक चौकोन, वृत्तीचा, म्हणजे पात्र चांगलं की वाईट ते लिहायचा.

भांडणं होतात ती या चौकोनावरून. चांगलं म्हणजे काय, याचं कुणाला पडलेलं नसतं. वाईट म्हणजे काय, यावर मात्र अख्खी दुपार जाते. माझ्या वहीत वाईटाचे तीन प्रकार आहेत. मोकाट वाईट, म्हणजे समोर येईल ते मोडणारा. मतलबी वाईट, स्वतःचं भागलं की दुसऱ्याचं काही का होईना. आणि नियम पाळून वाईट.

"हा तिसरा आमच्या कंपनीत आहे," समाधान म्हणाला. तो महाळुंग्याला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. "बाप वारला तरी म्हणतो, रजेचा अर्ज तीन दिवस आधी पाहिजे. राव, बापाला तारीख विचारायची का?"

"तोच सगळ्यात भयंकर," मी म्हटलं. "तो खोटं बोलत नाही, शब्द मोडत नाही. त्याला पकडायचं कशात?"

समाधानला तेव्हा राक्षसाच्या पोटी जन्मलेलं पात्र घ्यायचं होतं. "राक्षसाचं पोर आहे, वाईट लिहून टाकू आणि सुरू करू."

धम्मरत्नने पेन्सिल खाली ठेवली. तो पिंपरीच्या कोर्टात वकिली करतो. "जन्मावरून वृत्ती? हे आमच्या घरी बोलू नकोस भावा. आमची सरूबाई आजी तुला ताटावरून उठवेल."

सगळे हसले. मीही हसले, पण माझा नियम तोच आहे. चौकोन कोरा ठेवायचा. पात्र काय करतं ते बघून भरायचा, तोही पेन्सिलीने. आणि दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही.

जुई झाली त्याला आता साडेपाच वर्षं झाली. पाचव्या दिवशी संध्याकाळी माझ्या सासूबाईंनी, रुक्मिणीबाईंनी, पाटा-वरवंटा मांडला, दिवा लावला. त्या लातूरकडच्या. "कोरा कागद अन् पेन ठिवावं लागतंय," म्हणाल्या. "सटवाई येती, लेकराचं नशीब लिव्हून जाती." दिग्विजयने, माझ्या नवऱ्याने, माझ्या फायलीतून हाताला लागला तो कागद काढून दिला. पेन सापडेना म्हणून पेन्सिल ठेवली. मी बघितलं तर माझा तक्ता होता, कोरी बाजू वर. मला हसू आलं होतं. सकाळी ती बाजू तशीच कोरी होती. सासूबाईंनी कागदाची घडी घालून लाल फडक्यात बांधली आणि गाठ मारली.

या एप्रिलमध्ये पहिलीच्या प्रवेशासाठी जन्मदाखला शोधताना ते फडकं हाती आलं. गाठ सुटता सुटेना. शेवटी सुटली तेव्हा कागद उलटा करून बघितला.

पात्राचं नाव: जुई. खेळाडूचं नाव: रिकामं. वृत्ती: नियम पाळून वाईट.

पेन्सिलीचं बारीक, उभं, सरळ अक्षर. माझं नाही. घरातल्या कुणाचंच नाही.

जुई हे नाव आम्ही बाराव्या दिवशी ठरवलं. कागद सहाव्या दिवशीच बांधला होता. आणि 'नियम पाळून वाईट' हे शब्द मला सुचले ते गेल्या दिवाळीत.

"तूच लिहिलं असशील," दिग्विजय म्हणाला. तो चाकणहून पहिली शिफ्ट करून आला होता, बूटही काढले नव्हते. "तेव्हा तुला झोप तरी कुठे होती, दीपू?"

सासूबाईंनी कागद बघितलाच नाही. नुसत्या म्हणाल्या, "लिव्हलेलं पुसत नसतंय."

"पेन्सिलीचं आहे, आई. पुसतंय." आणि मी त्यांच्यासमोर पुसलं.

मग मी जुईवर नजर ठेवायला लागले. स्वतःच्या पोरीवर. ती गुणी आहे, सगळे म्हणतात. चपला रांगेत लावते. डबा संपवते. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नाही. आयांना हेवा वाटावा अशी.

मे महिन्यात एके दिवशी दुपारी साडेबाराला बागेतून रडण्याचा आवाज आला. तिसऱ्या मजल्यावरची परी तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी होती. जुई सावलीत झोपाळ्यावर बसली होती.

"ती आउट झालीय," जुई मला समजावून सांगू लागली. "आउट झालं की हलायचं नाही, बोलायचं नाही. सगळ्यांनी कबूल केलं होतं."

परीला मी उचलून घेतलं. तळव्यांना फोड आले होते. तिच्या आईने विचारलं, "अगं, पळून का नाही आलीस?"

परी म्हणाली, "पाय उचलतच नव्हते."

घरी येऊन मी तक्ता उघडला. चौकोन भरलेला होता. तेच तीन शब्द. मी पुसले. पुढच्या रविवारी पुन्हा होते, पुन्हा पुसले. असे चार रविवार गेले. कागद त्या जागी पातळ झाला, पण मीही हटले नाही. लेकरू आहे ते. पाच वर्षांच्या मुलीचा चौकोन भरायचा अधिकार कुणालाच नाही, ना सटवाईला, ना मला.

पाचव्या रविवारी खेळ संपल्यावर मी धम्मरत्नला सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणी दुसऱ्याच्याच पात्राची वृत्ती लिहीत असेल तर?"

"खेळाडूचं नाव आहे का तक्त्यावर?"

"नाही."

"मग कुणीही लिहिणार. आधी नाव घाल. ज्याचं पात्र, त्याचा हक्क."

त्या संध्याकाळी मी बॉलपेनने, जोर देऊन, खेळाडूच्या रकान्यात लिहिलं: जुई. माझी मुलगी तिची ती चालवेल. बाकी कुणी नाही.

आज पुन्हा रविवार. दिग्विजय ओव्हरटाइमला गेलाय. सासूबाई कालच गावी गेल्या. जुई सोफ्यावर चित्र रंगवत बसलीय. दहा वाजता मी दूध अगदी मंद आचेवर तापत ठेवलं आणि जेवणाच्या टेबलाशी येऊन तक्ता उघडला.

खेळाडूचं नाव: जुई. माझं बॉलपेन, जसंच्या तसं. वृत्ती: नियम पाळून वाईट.

पात्राचं नाव: दीपाली.

दीपाली मी आहे.

बरं, म्हटलं. माझ्या नावावर आलं तर येऊ दे. पोरीच्या नावावरून तर उतरलं. मी खेळाची वही ओढली आणि हे सगळं लिहायला घेतलं, कुठेतरी नोंद असावी म्हणून.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा जुई मान वर न करता म्हणाली, "आई, तू आउट."

मी हसायला गेले. मग उठायला गेले.

पाय उचलत नाहीत. आवाज फुटत नाही. हात तेवढा चालतोय, म्हणून लिहितेय.

दूध उतू गेलं. चर्र झालं. ज्योत विझली असणार, नुसता सूं आवाज येतोय. वास आता दुधाचा नाही.

वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं: जुई गॅस बंद कर. पान टेबलाच्या कडेला सरकवलं. ती आली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. कुठेही अडखळली नाही.

"पण गॅसला हात लावायचा नाही ना, आई? तूच सांगितलंयस."

हो, मीच. तीन वर्षं, रोज.

मी खाली लिहिलं: नियम मोड.

ती त्या दोन शब्दांकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने पेन्सिल घेतली. शाळेत तिचं अक्षर गोल, रेषेबाहेर जाणारं असतं. इथे तिने बारीक, उभं, सरळ लिहिलं: नाही.

खोडरबर माझ्या हाताशी आहे. मी पुसलं. पुन्हा लिहिलं: नियम मोड.

तिने पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पुसलं. हात दुखेपर्यंत पुसेन.

जुई पेन्सिलीला टोक करतेय, सावकाश. सालं जमिनीवर पडू नयेत म्हणून तिने खाली कागद धरलाय.