रुमाल टाकलेली जागा

ॲक्च्युअरींच्या संस्थेचं परिपत्रक आलं तेव्हा कचेरीत आधी हशाच पिकला. माणसं सरासरी किती जगतील याचा हिशेब मांडून विम्याचे हप्ते ठरवणाऱ्या मंडळींनी आता म्हणे कथा लिहायच्या, नाहीतर चित्रं काढायची. विषय, ‘पन्नास वर्षांनंतरचा आपला व्यवसाय’. निवृत्त सभासदांनाही आमंत्रण होतं.

“माझी कथा तयार आहे,” तिच्या शेजारच्या टेबलावरचा दशांश तिला म्हणाला. ‘साधारण’ हा शब्द त्याला खपत नसे, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. “पन्नास वर्षांनी सगळं यंत्रं करतात आणि आपण घरी. संपली.”

“आणि चित्र?”

“रिकामी खुर्ची. पाठीला माझा कोट.”

संध्याकाळी तिने हे घरी सांगितलं. बाबा त्याच कचेरीतून निवृत्त झाले होते. तिला या धंद्यात आणलं तेही त्यांनीच. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मी चित्र काढतो.”

“बाबा, पट्टीशिवाय सरळ रेघ येत नाही तुम्हाला.”

“पट्टी आहे ना.”

आई आतून म्हणाली, “रंग फरशीवर सांडले तर पुसायला पन्नास वर्षांनंतरचं यंत्र येणार नाहीये, तुम्हीच पुसायचं.”

त्यांनी चित्र काढलं, पण कोणाला दाखवायच्या आतच ते गेले. दुपारी जरा पडतो म्हणाले आणि उठले नाहीत. त्यानंतर कचेरीतल्या गारठ्याचं निमित्त करून ती त्यांचा तपकिरी स्वेटर घालू लागली. बाह्या लांब व्हायच्या, त्या ती दुमडत नसे.

चित्र आईने कपाटामागून काढून दिलं. सगळं पट्टीने आखलेलं होतं. उंच छताची खोली, तपकिरी बाकांच्या रांगा, समोरच्या भिंतीत एक बंद खिडकी, तिकीट देतात तसली. टेबलं नव्हती, संगणक नव्हते, व्यवसायातलं कोणीच नव्हतं. बाकांवर माणसं बसली होती, सगळी पाठमोरी. त्या पाठी मात्र पट्टीने काढलेल्या नव्हत्या. बराच वेळ थांबलेल्या माणसांच्या असतात तशा त्या होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तक्ता माणसाला ओळखू लागल्यावर’.

ते वाचून तिला नोकरीचा पहिला दिवस आठवला. मृत्युदराचा तक्ता पुढ्यात ठेवून बाबा म्हणाले होते, “हा घोळक्याला ओळखतो, माणसाला नाही. एकट्या माणसाला लावायला गेलीस की फसलीस.”

चित्रात पहिला बाक रिकामा होता. काढता काढता तिथवर येईतो बाबा दमले असतील, असं मनात आल्याचं तिला नंतरही स्पष्ट आठवत होतं. तिने मोबाइलवर फोटो काढला आणि चित्र संस्थेकडे दिलं.

प्रदर्शन कचेरीच्याच तळमजल्यावर मांडलं होतं. भिंतींवर यंत्रमानव, पाण्यात बुडालेली शहरं, दीडशे वर्षांच्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस. मध्ये बाबांची खोली. दशांश चित्राजवळ वाकून उभा होता.

“सरांनी स्वतःलाही बसवलंय की,” तो म्हणाला. “पहिल्या बाकावर.”

ती जवळ गेली. एका बाजूला कायम उभी राहणारी कॉलर. वरच्या टोकाला दुमडलेला कान. मानेवरची ती आडवी घडी.

तिने मोबाइल काढून फोटो पाहिला. फोटोतही ते बसलेले होते.

घरी जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, बाबांनी चित्रात स्वतःला काढलं होतं का गं?”

“छे. मी म्हटलं होतं, तुम्हालाही काढा. तर म्हणाले, आपलं आपण काढायचं नसतं तिथे, जाऊन बसायचं असतं.” आईला खोकला आला. पाणी पिऊन ती म्हणाली, “काहीतरीच बोलायचे ना शेवटी शेवटी.”

खोकला राहिला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला आणि तो बघून आणखी एक तपासणी लिहून दिली.

त्याच आठवड्यात चित्रातल्या बाबांच्या शेजारी, बाकावर, रुमाल आला. पांढरा, निळ्या काठाचा, चौघडी केलेला. तो रुमाल ती ओळखत होती. बसमध्ये, नाटकाला, बाबा आधी पुढे घुसून शेजारच्या जागेवर तो टाकायचे आणि मग मागे वळून बघायचे.

“जागा धरून बसलेत सर,” दशांश हसत म्हणाला. “कोणासाठी हो?” आणि एकदम गप्प झाला. आईच्या तपासण्यांचं त्याला ठाऊक होतं.

“तुम्ही तो रुमाल पहिल्या दिवशी पाहिला होता?”

“असेल की. नसेल तर येईल कुठून?” जरा थांबून तो म्हणाला, “साधारण... होता.”

तो शब्द त्याच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला.

आता तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला, आणि सवयीचा हिशेब थांबवता येत नाही. आईचं वय. छातीचं दुखणं. जोडीदार गेल्यावर पहिल्या वर्षात मागे राहिलेल्याचा मृत्युदर चढतो, हे कधीतरी तिनेच एका अहवालात लिहिलं होतं. प्रत्येक आकडा आईकडेच बोट दाखवत होता. बाबा गेले ते तिने कसंबसं सोसलं होतं. आई गेली तर घरात ‘जेवलीस का’ विचारणारंही कोणी उरणार नव्हतं.

चौकटीचं काहीतरी काम आहे असं सांगून तिने चित्र घरी आणलं.

रविवारी दुपारी आई झोपली होती. तिने बाबांची रंगांची पेटी उघडली. तपकिरी रंगाची नळी अर्धी पिळलेली होती, त्यांच्या अंगठ्याचा ठसा तसाच होता. रुमाल नुसता पुसायचा. बाक बाकासारखा करायचा. जागा धरलेलीच नसेल तर कोणी येऊन बसणार नाही.

भिंतीतली खिडकी बोटभर उघडी दिसत होती. तिने तिकडे बघायचं टाळलं.

पांढरा रंग सहजी झाकला जाईना. निळा काठ पुन्हा पुन्हा वर यायचा. तिने रंग जाड केला, कडेने वर नेला, खाली आणला. रुमाल दिसेनासा झाला तेव्हा तिचा हात दुखत होता.

“काय चाललंय?” आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. चेहरा ताजा दिसत होता. सकाळपासून आई खोकली नव्हती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

“काही नाही. इथे रुमाल होता. पुसला.”

“का गं?”

तिने नळीचं झाकण लावलं. मग म्हणाली, “बाबांनी तुझ्यासाठी जागा धरली होती.”

आई हसली. “माझ्यासाठी? जन्मात कधी धरली नाही त्यांनी. मला बसमध्ये दाराशी उभं राहायला आवडायचं, वाऱ्याला. यावरून भांडलोय आम्ही.” तिने चहा फुंकला. “रुमाल टाकायचे ते तुझ्यासाठी. तू मागे कुठेतरी रेंगाळत असायचीस. माझी पोर उभी राहील, म्हणायचे.”

खोलीत रंगाचा वास भरला होता.

आई दोन पावलं मागे सरली, डोळे बारीक करून चित्र पाहत राहिली.

“पण छान जमलंय हो तुला,” ती म्हणाली. “खांदे अगदी तुझेच. स्वेटरच्या बाह्यासुद्धा लांब काढल्यास.”

ती वळली नाही. ब्रश अजून हातातच होता.

“आणि हे बघ,” आई कौतुकाने म्हणाली, “तुला ऐसपैस व्हावं म्हणून सरकलेतसुद्धा.”