‘आईची खोली’ नावाचा माइक

“यंत्राच्या डोक्यावर खापर फोडू नकोस,” थोरली म्हणाली. “यंत्र कुणाचं तोंड दाबत नाही. तोंड माणसं दाबतात.”

धाकटी तोवर दोनदा उठून दोनदा बसली होती. तिचं पालुपद एकच होतं. आपण काही केलेलं नाही, त्या फुकटच्या लिनक्समध्ये असलं काहीबाही आपोआप होतं. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी ताई या घरात कॉम्प्युटरवाली झाली, आणि त्या शहाणपणापायी आई गेली.

हे शेवटचं थोरली वर्षभर ऐकत आली होती. भावाकडून, मावशीकडून, शेजारणीकडूनसुद्धा. धाकटीच्या तोंडून मात्र आज पहिल्यांदाच. साठी उलटल्यावर, कुणाच्या शिकवणीला न जाता ती लिनक्स शिकली होती. आजारी आईच्या उशाशी तिने माइक लावला, त्याची वायर भिंतीतून कामाच्या खोलीत आणली आणि साउंड सर्व्हरला बजावलं, की या माइकवर येईल ते सगळं इथल्या स्पीकरवर सोड. साउंड सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आवाजांचा कारभारी. कुठला आवाज कुठून घ्यायचा आणि कुठे सोडायचा, ते तो बघतो. आई कुशीवर वळली तरी स्पीकरवर चादर सळसळायची.

मग एका दुपारी थोरली औषध आणायला गेली. धाकटी कॉम्प्युटरपाशी होती. थोरली परतली तेव्हा आई आपल्या खोलीच्या दाराशी, आतल्या बाजूला, जमिनीवर गार पडलेली. स्पीकरवर चकार शब्द आला नाही, असं धाकटीने सगळ्यांना सांगितलं. दार नुसतं लोटलेलं होतं, मी उघडलं तर आई अशी, असंही सांगितलं. त्याच संध्याकाळी थोरलीने तो माइक उपटून कपाटात फेकला. आपल्या जोडणीने आईचा घात केला, हे तिने पदरात बांधून घेतलं. तिला अन्न गोड लागेना. कॉम्प्युटरला तर तिने हात लावला नाही.

आज लावला तो धाकटीसाठीच. धाकटी अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, आणि हल्ली तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला होता. थोरलीने आवाजाची सेटिंग्ज उघडली. माइकची यादी आली. वर धाकटीचा वाचनाचा माइक. त्याखाली दुसरा, थोरलीने स्वतः बारसं केलेला. ‘आईची खोली.’ त्याच्यापुढे म्यूटची लाल खूण.

“हा कारभारी शेवटचा हात लक्षात ठेवतो,” थोरली म्हणाली. “शंभरदा बंद-चालू कर, ज्याने जे मुकं केलं ते मुकंच राहतं. मी केलं नाही. आईच्या उशाशी फक्त माइक होता, बंद करायचं बटण इथेच. मग कुणी केलं?”

धाकटीने पदराने तोंड पुसलं. आणि हळूहळू तिच्या तोंडून निघालं. वाचनात आईच्या हाका येत होत्या. पान पुन्हा वाचावं, की पुन्हा हाक. तेवढं प्रकरण संपेपर्यंत बंद करावं म्हणून बंद केलं, आणि मग राहूनच गेलं.

“तेवढंच केलं, ताई. आईशपथ, तेवढंच.”

थोरलीला वाटलं होतं आपण हिच्या थोबाडीत देऊ. पण हात उचलवेना. वर्षभर हिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. चारचौघांत माझी बाजू घेतली, ताईचं काय चुकलं, यंत्रच ते, म्हणाली. ज्या बोटाने आईला मुकं केलं, त्याच बोटाने माझे डोळे पुसले. परक्याने गळा कापला तर निदान सुरी तरी दिसते.

मग धाकटी दबक्या आवाजात म्हणाली, “पण ताई... तो माइक तर तू काढून टाकलास ना?”

थोरली थबकली. रागाच्या भरात तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. उपटलेला माइक यादीत राहत नाही. नावच गळून जातं. तिने उठून कपाट उघडलं. माइक तिथेच होता, स्वतःच्या वायरीत गुरफटलेला, धुळीने माखलेला. पिन मोकळी.

पडद्यावर ‘आईची खोली’ तशीच होती.

समोरच, घरातल्या बोळापलीकडे, खरी खोली दिसत होती. दार सताड उघडं, रिकाम्या खाटेवर दुपारचं ऊन. आणि तरी निलगिरीच्या तेलाचा वास आला... आईच्या छातीला चोळायचं ते तेल.

“नको लावू, ताई...” धाकटीने तिचं मनगट धरलं.

थोरलीने मनगट सोडवून घेतलं आणि लाल खूण काढली.

स्पीकर खरखरला. आवाज दाखवणारी हिरवी पट्टी वर चढली, उतरली, पुन्हा चढली. कुणी दम खात असावं तशी. मग चादर सळसळली. काठी टेकल्याचा आवाज झाला. सपाता फरफटत माइकपासून दूर जाऊ लागल्या, थांबत, धापा टाकत, दाराच्या दिशेने. समोरच्या खोलीत उन्हाखेरीज काही नव्हतं.

मग स्पीकरमधून लाकूड हादरल्याचा आवाज आला. आतून कुणी दार ओढत होतं. पुन्हा ओढलं. दार उघडत नव्हतं.

थोरलीने वळून बहिणीकडे पाहिलं. धाकटीने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते.

आणि आई बोलली. रागावून नाही. हाका मारून मारून बसलेल्या आवाजात, लांबून, पण स्पष्ट.

“धाकटे, बाहेरची कडी काढ गं.”