दुसरी हाक

"मम्मा…"

बाळाच्या खोलीतल्या मॉनिटरमधून एकच हाक आली. शिवांगी खुर्चीतून अर्धी उठली आणि पुन्हा बसली. पहिल्या हाकेला धावायचं नाही, दुसरी येते का बघायचं, असं स्लीप कन्सल्टंटने बजावलं होतं. शिवांगीने ते एका ॲपला, एका पुस्तकाला आणि सासूबाईंना विचारून ताडून पाहिलं होतं. तिघांनी तीन उत्तरं दिली होती, आणि तिला तिघांचंही पटलं होतं.

"जा," शैलेंद्रकाका म्हणाले.

"थांबायचं असतं काका. आपोआप झोपायला शिकतात म्हणे."

"शिकू दे पुढच्या आठवड्यात. आत्ता जा. पहिल्या हाकेला जावं माणसानं."

मेलबर्नजवळच्या वेरिबीत, यतिनच्या बॅकयार्डात जेवणं उरकून मंडळी फायरपिटभोवती बसली होती. जुलैची थंडी, पाठ गार आणि गुडघे भाजताहेत अशी. शिवांगी आत गेली आणि पोराला दुलईत गुंडाळून खांद्यावर घेऊनच आली. यतिनने बायकोकडे पाहिलं.

"आता सांगा, का?" ती म्हणाली.

काकांनी चिमट्याने लाकूड आत सरकवलं. "पद्माकर आठवतो? गणपतीत झांजा वाजवायचा तो. आता येत नाही. त्याची गोष्ट आहे. त्याच्याच तोंडून ऐकलेली, त्यामुळे मध्ये हसू नका."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

अठ्ठावीस जुलै दोन हजार बावीस, गुरुवार. पद्माकर त्या दिवशी दुपारी क्वीन्सलंडमधल्या एका कॅरॅव्हॅन पार्कात पोचला. बंडाबर्गच्या वर, समुद्राला लागून, नावही कुणी ऐकलेलं नसेल असा छोटासा पार्क. काम साधं होतं. त्याच्या मित्राची, यादवरावांची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, वर्षभर तिथल्या स्टोरेजमध्ये पडून होती, ती गाडीला जोडून वेरिबीला आणायची. यादवरावांना स्वतःला तिथे जायचं नव्हतं. "पद्या, तू जाशील का?" एवढंच त्यांनी फोनवर विचारलं होतं, आणि नाही म्हणायला पद्माकरला तोंड नव्हतं. बायकोच्या, चित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून तो एकटाच निघाला.

ऑफिसातल्या बाईने त्याला लगेच ओळखलं. सीझन तेजीत, पार्क भरलेला, केबिन एकही रिकामी नाही. ती म्हणाली, "रात्री त्या व्हॅनमध्येच झोप ना. व्हॅन उभी करायला समुद्राकडची एकच साइट उरलीय. सेम स्पॉट ॲज लास्ट इयर, लव्ह. नो वरीज."

नको म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं. कारण काय सांगणार?

आता ही लास्ट इयरची भानगड ऐका.

पद्माकर-चित्रा आणि यादवराव-गिरिजा, दोन्ही जोडपी रिटायर झाली तसा त्यांनी मेलबर्नच्या थंडीला रामराम ठोकायचा बेत केला. दोघांनी सेकंडहँड कॅरॅव्हॅन घेतल्या आणि एकवीसच्या मे महिन्यात वर, उबदार क्वीन्सलंडकडे निघाले. मागे मेलबर्नला कुलूप लागलं आणि इकडे हे चौघं हाफ पँटी घालून समुद्रावर. मुलं व्हिडिओ कॉलवर चिडायची, "मज्जा आहे बाबा तुमची!" शेजारी-शेजारी दोन कॅरॅव्हॅन, मध्ये एक घडीचं टेबल. सकाळचा चहा इकडे, संध्याकाळचा तिकडे. गिरिजावहिनी सगळ्यात हौशी. कुकरपासून चकलीच्या सोऱ्यापर्यंत सगळं बरोबर.

ऑगस्टात गिरिजावहिनींना खोकला झाला.

साधा खोकला. पण दिवस कसे होते, आठवा. ब्रिस्बेनकडे लॉकडाऊन, आणि चित्राला दमा. वहिनी जाऊन टेस्ट करून आल्या, रिझल्ट यायचा होता. पद्माकरने मधलं टेबल चार पावलं पलीकडे सरकवलं आणि म्हणाला, "वहिनी, राग मानू नका हं. रिझल्ट येईपर्यंत जरा लांबूनच."

"राग कसला भाऊजी? चित्राला जपा," वहिनी म्हणाल्या.

आठ ऑगस्ट, रविवार. दिव्याची अवस.

"म्हणजे गटारी!" यतिन न राहवून बोलला.

"तुमची गटारी. आमच्या घरात दिव्याची अवस," काका म्हणाले. "समया घासायच्या, पुजायच्या, आणि गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून त्याचे दिवे करून वाफवायचे. तुपाबरोबर खायचे. खाल्लेस का कधी? मग गप बस."

तर वहिनींनी तिथे, कॅरॅव्हॅनच्या त्या एवढ्याशा शेगडीवर, खोकत खोकत कणकेचे दिवे केले. चार दिवे एका स्टीलच्या ताटलीत घालून, वर तूप सोडून, मास्क लावून मधल्या टेबलावर आणून ठेवले. ताटलीही त्यांच्या लग्नातली. काठावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेली, 'सौ. गिरिजा हिस मामांकडून'. "दोन तुम्हाला, दोन चित्राला," असं लांबूनच ओरडून त्या आत गेल्या.

चित्रा आत टीव्हीपुढे पेंगत होती. पद्माकर ताटलीकडे बघत राहिला. वाफवल्यावर जंतू राहत नाहीत, हे त्याला कळत होतं. पण खोकत केलेत, हेही डोक्यातून जाईना. शेवटी त्याने हातात प्लास्टिकची पिशवी घातली, दिवे ताटलीसकट उचलले आणि पार्काच्या मोठ्या कचरापेटीत टाकून आला. भांडंसुद्धा. घासायला घेतलं तरी हात लावावा लागला असता.

संध्याकाळी वहिनींनी दारातूनच विचारलं, "भाऊजी, दिवे कसे झाले होते?"

"फस्क्लास, वहिनी! मी दोन खाल्ले."

वहिनींचे डोळे मास्कच्या वर हसले. "मग चित्राचे दोन राहिले असतील. ताटली असू दे, उद्या घेईन."

त्या रात्री पद्माकरला झोप नव्हती. उद्या ताटली मागितली तर काय सांगायचं, एवढीच काळजी. हरवली म्हणावं, की पाखरांनी नेली? स्टीलची ताटली कुठलं पाखरू नेणार? असं स्वतःशीच चाललेलं असताना बाहेरून आवाज आला.

"भाऊजी…"

एकदाच. दाराच्या अगदी जवळून.

पद्माकर सावंतवाडीकडचा. लहानपणी आईने शिकवलेलं, रात्री, त्यातून अवसेला, एका हाकेला ओ देऊ नये. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारेल. दुसऱ्या प्रकाराला दुसरी हाक मारता येत नाही. पन्नास वर्षांत त्याला त्या नियमाची आठवण झाली नव्हती. मेलबर्नच्या ऑफिसात कोण असल्या गोष्टी पाळतं? पण त्या क्षणी त्याने तो नियम पांघरुणासारखा डोक्यावरून ओढून घेतला. दुसरी हाक आली की उठू, म्हणाला.

दुसरी आलीच नाही. त्याला हायसं वाटलं. हे हायसं वाटलेलंच त्याला पुढे कधी विसरता आलं नाही.

सकाळी गिरिजावहिनी त्याच्या कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसलेल्या सापडल्या. दाराला टेकून. हृदय बंद पडलं होतं. यादवराव कानातलं यंत्र काढून झोपतात, म्हणून त्या इकडे आल्या असाव्यात. दुसरी हाक मारायला त्यांच्याकडे श्वास उरला नव्हता.

टेस्टचा निकाल दुपारी आला. निगेटिव्ह.

आणि यादवरावांनी, सगळे गेल्यावर, एकच प्रश्न विचारला. "पद्या, तुला काही ऐकू आलं होतं का रे?"

"नाही," पद्माकर म्हणाला.

फायरपिटमध्ये लाकूड तडकलं.  शिवांगीने पोराला उगाचच खांद्यावरून मांडीवर घेतलं.

"तर बावीस सालातली ती गुरुवारची रात्र," काका म्हणाले. "आणि पद्माकरने कॅलेंडर पाहिलं नव्हतं. चित्राचा फोन आला तेव्हा कळलं. ती सहज म्हणाली, अहो, आज दिव्याची अवस. मी एकटीसाठी काही केलं नाही."

कॅरॅव्हॅन वर्षभर बंद होती, तरी कपाटात हळदीचा वास होता. ओट्यावर वहिनींचा कुकर पालथा ठेवलेला. पद्माकर कपडे न बदलता पलंगाच्या कडेला आडवा झाला. शेजारच्या साइटवर कुणीतरी ऑस्ट्रेलियन म्हातारा-म्हातारी होते, त्यांचा दिवा कधीचा विझला होता. समुद्राचा आवाज येत होता. मग तोही ऐकू येईनासा झाला… ओहोटी असेल.

पद्माकर जागाच होता.

"भाऊजी…"

त्याने डोळे मिटून घेतले.

एकदाच. दाराच्या अगदी जवळून. आवाज तोच. खोकल्याने बसलेला.

तो हलला नाही. श्वास धरून पडून राहिला. ही एकच. दुसरी येणार नाही. आई म्हणायची… दुसरी मारता येत नाही त्यांना. दुसरी नाही आली की संपलं. सकाळी गाडी जोडायची. निघायचं.

शांतता.

बराच वेळ शांतता.

मग पायरी किंचित करकरली. कुणीतरी टेकून बसल्यासारखी.

"भाऊजी."

दुसरी हाक.

पद्माकर सांगतो, त्याला आधी भीती नाही वाटली. आधी वाटलं, जिवंत आहेत! दुसऱ्यांदा हाक मारली म्हणजे माणूसच. वर्षभराचं सगळं खोटं. तो उठून बसलासुद्धा. आणि उठून बसल्यावर मग त्याला भीती वाटली.

दार हातभर अंतरावर. हात उचलेना.

"वहिनी…" तो बंद दाराला म्हणाला. "वहिनी, मी… ऐकलं होतं."

बाहेर काही नाही.

"तेव्हाही ऐकलं होतं. जागा होतो मी. ताटलीसाठी आलात असं वाटलं मला."

काही नाही.

"यादवला खोटं सांगितलं."

पायरी पुन्हा करकरली. वजन उचलल्यासारखी. हलकी.

त्याने दार उघडलं.

कुणी नव्हतं. अवसेचा अंधार, पार्काच्या वाटेवरचा एक मिणमिणता दिवा. पायरीवर काहीतरी चकाकलं. स्टीलची ताटली. त्याने वाकून काठावरून बोट फिरवलं, टिंबं बोटाला लागली. मामांकडून. वर्षापूर्वी कचऱ्याच्या ट्रकमधून गेलेली ताटली. आणि ती गरम होती.

त्याने तिथेच, पायरीवर बसून, यादवरावांना व्हिडिओ कॉल केला. म्हातारा उशाखालच्या मोबाईलच्या थरथरीने उठून, कानात यंत्र खुपसत समोर आला. "काय झालं रे? गाडी ठीक ना?"

पद्माकरने सगळं सांगितलं. हाक सांगितली, कचरापेटी सांगितली. एक शब्द लपवला नाही. सांगून झाल्यावर मान वर करायची त्याची छाती होईना. शिव्या येतील म्हणून वाट बघत होता. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो अजूनही म्हणतो.

यादवरावांनी मोबाईल जवळ ओढला. मग म्हणाले, "ताटली दाखव."

पद्माकरने मोबाईलच्या उजेडात ताटली धरली. यादवरावांनी चष्मा लावला. नाव वाचलं. आणि मग…

काका थांबले. चिमटा बाजूला ठेवला.

"आणि मग काय, काका?" शिवांगी अगदी हळू म्हणाली.

यादवराव म्हणाले, "पद्या, ती ताटली भरत होती तेव्हा मी शेजारीच उभा होतो रे. चार दिवे घातले होते तिने."

तेव्हा पद्माकरने पहिल्यांदा नाव सोडून ताटलीत नीट पाहिलं. कणकेचे दिवे, वर तूप, अजून वाफ निघत होती.

दोनच होते. चित्राच्या वाट्याचे.